‘ही पेटी फार मोठ्या माणसाची होती’ : जुन्या ड्रॉइंग इन्स्ट्रुमेंट्सच्या नादाला लागलेल्यांसाठी

जुन्या ड्रॉइंग इन्स्ट्रुमेंट्सचा, म्हणजे नकाशे काढायच्या कंपासपेट्यांचा, नाद लागला की लवकरच कुणीतरी एक वाक्य ऐकवतंच, "साहेब ही साधी पेटी नाहीये, फार मोठ्या माणसाची आहे." चोर बाजारात हा मोठा माणूस बहुतेक वेळा कुणीतरी इंग्रज गव्हर्नर नाहीतर रेल्वेचा चीफ इंजिनियर असतो, ऑनलाइन लिलावात गेलात तर थेट नेपोलियन, वॉशिंग्टन वगैरे मंडळी निघतात. आपण नवीन असलो की सगळं लक्ष त्या नावावर जातं आणि पेटीत काय आहे ते बघायचंच राहतं. करायचं याच्या बरोबर उलट. आधी पेटी वाचायची, मग त्यातलं हत्यार चालतं कसं ते हाताने करून बघायचं, मग वय काढायचं, आणि मालकाचं नाव सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर निम्म्या वेळा नावापर्यंत जायची गरजच पडत नाही, आधीच कुठल्यातरी पायरीवर गोष्ट कोसळते.

खाली मी हाच क्रम धरून लिहितोय. उदाहरणाला गॅलिलिओ घेतो कारण त्याच्या कंपासबद्दल कागदपत्रं भरपूर आहेत, आणि गडबड कुठे कुठे होऊ शकते ते त्यात छान दिसतं.

पहिली पायरी : दावा नक्की काय आहे ते विचारा

गॅलिलिओ १५९२ ते १६१० इटलीतल्या पादुआच्या विद्यापीठात गणित शिकवायचा. पगार बेताचा, त्यात बहिणींच्या हुंड्याचं ओझं डोक्यावर, त्यामुळे तो घरी खासगी शिकवण्या घ्यायचा, विद्यार्थी राहायला-जेवायला त्याच्याकडेच. यातली बरीचशी मुलं सरदार घराण्यातली, त्यांना तटबंदी आणि तोफखान्याचं गणित हवं असायचं. त्यांच्यासाठी त्याने १५९७ च्या आसपास एक यंत्र बसवलं, पितळेचे दोन सपाट पाय एका टोकाला बिजागरीने जोडलेले आणि त्या जोडापासून निघणाऱ्या आखणीच्या रेघा. तो त्याला भूमितीचा आणि लष्करी कंपास म्हणायचा, इंग्रजीत त्या प्रकाराला सेक्टर म्हणतात. नावात कंपास असला तरी वर्तुळ काढायचं हे हत्यार नाही हं, हे हिशोब करायचं आणि प्रमाण काढायचं साधन आहे, त्याच्यासोबत कर्कटक लागतंच.

१५९९ मध्ये मार्कांतोनियो माझ्झोलेनी नावाच्या कारागिराला त्याने बायको-मुलीसकट घरातच ठेवून घेतलं आणि कंपास बनवायला लावले. शंभराच्या वर बनले. पण खरी कमाई यंत्र विकण्यात नव्हतीच, ते वापरायला शिकवायच्या फीमध्ये होती (हे वाचून आजच्या सॉफ्टवेअरवाल्यांची आठवण आली तर माझा नाइलाज आहे). १६०६ मध्ये त्याने वापराची पुस्तिका छापली, फक्त ६० प्रती, आणि त्यात यंत्राचं चित्रच टाकलं नाही, म्हणजे कुणी बघून बनवायला नको. तरीही पुढच्याच वर्षी बाल्दासारे काप्रा नावाच्या माणसाने लॅटिनमध्ये तोच माल स्वतःच्या नावावर छापला. गॅलिलिओने तक्रार केली, विद्यापीठाच्या वरिष्ठांसमोर प्रकरण चाललं, गॅलिलिओ जिंकला आणि काप्राच्या पुस्तकाच्या प्रती जप्त झाल्या.

आता "हा गॅलिलिओचा कंपास" असं कुणी म्हणालं तर त्यात किमान चार वेगळे दावे लपलेले असू शकतात. एक, हा गॅलिलिओने बसवलेला प्रकार आहे. असे सेक्टर पुढे युरोपभर शेकड्यांनी नाही हजारांनी बनले, आणि तसं बघायला गेलं तर हा प्रकार एकट्या गॅलिलिओचाही नाही, लंडनमध्ये टॉमस हूडने १५९८ मध्येच आपल्या सेक्टरबद्दल छापलं होतं. दोन, हा त्याच्या घरच्या वर्कशॉपमध्ये बनला. तीन, हा त्याच्या मालकीचा होता किंवा त्याने कुणाला दिला. चार, त्याने स्वतः हाताळून यावर काम केलं. पहिल्या दाव्यापासून चौथ्याकडे जाताना पुरावा दर पायरीला जास्त लागतो, आणि विकणारा मात्र पहिल्याचा पुरावा दाखवून चौथ्याचे पैसे मागतो. फ्लॉरेन्सच्या म्युझिओ गॅलिलिओमध्ये जो प्रसिद्ध कंपास आहे तो त्याने तिथल्या राजघराण्यातल्या कोसिमो दुसरा मेदिची याला दिलेला मानतात, म्हणजे तो तिसऱ्या प्रकारात, आणि तिथेही भरवसा वाटतो तो मेदिची घराण्याच्या संग्रहातून तो खाली आलाय म्हणून. (त्याच म्युझियममध्ये गॅलिलिओचं मधलं बोटही काचेत ठेवलंय. जाणाऱ्याने मनाची तयारी करून जावं.)

तर पेटी कुणाचीही सांगोत, पहिला प्रश्न हाच: डिझाइन त्याचं, की त्याच्या कारखान्यातली, की त्याच्या मालकीची, की त्याने वापरलेली? प्रश्न सरळ विचारला की बरेच लोक आपोआप एक-दोन पायऱ्या खाली येतात.

दुसरी पायरी : पेटी उघडा आणि नुसतं बघा

हात लावायच्या आधी फोटो काढा, प्रत्येक वस्तू आपल्या खाचेत असतानाच. पेटीच्या मखमली खाचा कुठल्यातरी एका सेटसाठी कापलेल्या असतात, त्यामुळे खाच रिकामी असेल तर काय हरवलंय ते तिच्या आकारावरून कळतं, आणि एखादी वस्तू खाचेत हलत असेल किंवा कोंबून बसवल्यासारखी वाटत असेल तर ती दुसऱ्या पेटीतून आलीय. अशा जुळवलेल्या पेट्या बाजारात प्रचंड. त्या वाईट असतात असं नाही, शिकायला उत्तम आणि स्वस्त पडतात, पण "मूळ सेट" म्हणून पैसे द्यायचे नाहीत.

आत साधारण काय असतं? शाळेच्या कंपासपेटीचेच पणजोबा-खापरपणजोबा म्हणा. कर्कटक, दोन्ही टोकं स्टीलची. मोठा कंपास, त्याचा एक पाय काढता येतो आणि तिथे पेन्सिलीचा, शाईचा, कधी ठिपक्यांची रेघ मारणाऱ्या दातेरी चाकाचा पाय बसतो. कोनमापक, पितळेचं अर्धगोल किंवा आयताकृती. समांतर रेघा मारायची जोडपट्टी, आबनुसाच्या दोन पट्ट्या पितळी पट्ट्यांनी जोडलेल्या. तिरप्या रेघांची स्केल, जिच्यावर इंचाचा शंभरावा भाग मोजता येतो. आणि सेक्टर.

रूलिंग पेनवर जरा थांबा. दोन पातळ पाती, मधे एक छोटा स्क्रू, पात्यांच्या मधे शाईचा थेंब सोडायचा आणि स्क्रू फिरवून रेघ जाड-बारीक करायची. १९५० च्या दशकात रॉट्रिंगची नळीवाली पेनं आली तोपर्यंत, आणि आपल्याकडे तर त्यानंतरही बराच काळ, सगळ्या नकाशांच्या शाईच्या रेघा याच पेनाने मारल्या गेल्या. अठराव्या शतकातलं पेन असेल तर दांडी मधेच फिरवून बघा, पण हळू, अडकली तर सोडून द्या. बऱ्याच जुन्या पेनांची दांडी उघडते आणि आत एक बारीक सुई निघते, कागदावर बिंदू टोचायची. विकणाऱ्यालाही पुष्कळदा हे माहीत नसतं. पात्यांची टोकं भिंगातून बघा: दोन्ही सारख्या लांबीची आणि गोलसर घासलेली असली तर कुणीतरी जाणकाराने ते पेन वापरलंय, वेळोवेळी दगडावर लावलंय. एक पातं आखूड, दुसरं लांब असेल तर रेघ फाटणार.

तिसरी पायरी : पुठ्ठ्याचा सेक्टर बनवा

ही पायरी लोक टाळतात आणि मग वर्षानुवर्षं सेक्टर गोळा करतात पण तो चालतो कसा ते सांगता येत नाही. एका दुपारचं काम आहे, प्लीज करा.

जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, साधारण २३ सेंटिमीटर लांब, ३ रुंद. एका टोकाला एकावर एक ठेवून भोक पाडा आणि फायलीला लावतो ती पितळी पिन घाला. जोड ढिला नको, पाय उघडल्यावर जिथे सोडला तिथे राहिला पाहिजे. आता भोकाच्या बरोबर मध्यापासून प्रत्येक पट्टीवर २० सेंटिमीटरची सरळ रेघ मारा आणि दर २ सेंटिमीटरला खूण करून १०, २०, ३० असं शेवटी १०० पर्यंत लिहा. झाली पहिली जोडी.

वापर असा. समजा ७ सेंटिमीटरच्या रेघेचे पाच सारखे भाग करायचेत. कर्कटकात ७ सेंटिमीटर घ्या, आणि सेक्टर इतका उघडा की एका पायावरच्या १०० पासून दुसऱ्या पायावरच्या १०० पर्यंतचं आडवं अंतर बरोबर तेवढं होईल. आता सेक्टर हलवू नका. कर्कटक २० आणि २० च्या मधे लावा. मिळालं ते १.४ सेंटिमीटर, म्हणजे पाचवा भाग. भागाकार न करता. का होतं असं? लहान त्रिकोण आणि मोठा त्रिकोण समरूप आहेत, नववी-दहावीच्या भूमितीत शिकलेलंच आहे हे. सात भाग करायचे तर ७० आणि १० वापरा. नकाशा मूळच्या तीन-पंचमांश आकाराचा करायचा तर मूळ लांबी १०० वर लावून ६० वर वाचा, मग एकेक लांबी नुसती उचलत राहा. त्रैराशिक म्हणाल ते सगळं यात बसतं, गॅलिलिओने पुस्तिकेत चलन बदलायचे आणि चक्रवाढ व्याजाचे हिशोबसुद्धा दाखवलेत.

दुसरी जोडी क्षेत्रफळाची. इथे खुणा सारख्या अंतरावर नसतात, वर्गमुळाच्या अंतरावर असतात. १ ची खूण जोडापासून ५ सेंटिमीटरवर, २ ची ७.०७ वर, ३ ची ८.६६, ४ ची १० वर, ९ ची १५ आणि १६ ची २० वर. एखाद्या चौकोनाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौकोन हवाय? त्याची बाजू १-१ वर लावा आणि २-२ वर वाचा, ती नवी बाजू.

तिसरी घनफळाची, घनमुळं घेऊन: १ पाचवर, २ साधारण ६.३ वर, ८ दहावर, २७ पंधरावर, ६४ वीसवर. तोफखान्याला हिची फार गरज, कारण दुप्पट वजनाचा गोळा म्हणजे दुप्पट व्यासाचा गोळा नव्हे, व्यास फक्त सव्वापट होतो. आणि याच्या पुढची पायरी म्हणजे गॅलिलिओच्या कंपासवरची धातूंची रेघ, तिच्यावर आकड्यांऐवजी सोनं, शिसं, चांदी, तांबं, लोखंड, कथील, संगमरवर, दगड अशा खुणा. लोखंडाच्या १० सेंटिमीटरच्या गोळ्याइतक्याच वजनाचा शिशाचा गोळा केवढा? लोखंडाच्या खुणांमधे १० लावा, शिशाच्या खुणांमधे वाचा, साधारण ८.८ येईल. तोफेत आज लोखंडी गोळा, उद्या दगडी, दारू किती भरायची, हा प्रश्न ज्याच्यासमोर रणांगणावर उभा राहायचा त्याला हे खिशातलं यंत्र किती मोलाचं वाटलं असेल बघा, तेव्हा लॉगॅरिथमसुद्धा आले नव्हते, ते १६१४ चे.

एवढं केलंत की खरा जुना सेक्टर हातात आल्यावर तुमची नजर आपोआप योग्य ठिकाणी जाईल. कुठे? खुणांवर. कर्कटकाची टोकं वारंवार लावल्याने रेघांवर बारीक खड्डे पडतात, आणि ते सगळीकडे सारखे नसतात, ज्या रेघा वापरात होत्या तिथे जास्त. एखाद्या सेक्टरवर साध्या रेघेवर खड्डेच खड्डे आणि साइन-टॅन्जंटच्या रेघा कोऱ्या करकरीत, म्हणजे मालक नकाशे छोटे-मोठे करत होता, त्रिकोणमितीच्या वाटेला गेला नव्हता. आणि सगळाच सेक्टर कोरा असेल तर तो बहुधा पेटीत शोभेला होता. एकोणिसाव्या शतकात सेक्टर सवयीने पेटीत टाकत राहिले, वापरणारे कमी होत गेले. "प्रसिद्ध इंजिनियरने आयुष्यभर वापरलेला" म्हणून जर असा कोरा सेक्टर पुढे आला तर तुमचं तुम्हीच काय ते समजा.

इंग्रजी सेक्टरवरची अक्षरं वाचायला शिका: एल म्हणजे सारख्या भागांची रेघ, सी जीवांची, एस साइनची, टी टॅन्जंटची, पीओएल बहुभुजाकृतींची. काठावर एन असेल तर ती गुंटर या इंग्रज गणितज्ञाची लॉगॅरिथमची रेघ, तिला दोन पाय लागत नाहीत.

चौथी पायरी : वय काढा

इथे एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, एक भिंग आणि थोडी माहिती पुरते.

पट्टीने पेटीतल्या स्केलवरचा इंच मोजा. २५.४ मिलिमीटर आला तर इंग्रजी. २७ च्या आसपास आला तर जुना फ्रेंच इंच, त्यांचा राजाचा फूट ३२.५ सेंटिमीटरचा होता आणि त्याचे १२ भाग. सेंटिमीटरच असतील तर वस्तू १७९० च्या दशकाच्या आधीची असूच शकत नाही, मीटर तेव्हाच जन्माला आला. फ्रेंच पेटी, त्यावर सेंटिमीटर आणि सांगतात चौदाव्या लुईच्या दरबारातली, तर चहा पिऊन परत या.

मग धातू. पितळ आणि चांदी पहिल्यापासून आहेत. पण पांढरट, चांदीसारखा दिसणारा, किंचित पिवळसर झाक असलेला धातू असेल तर तो जर्मन सिल्व्हर, त्यात चांदी औषधालाही नाही, तांबं-निकेल-जस्त. ड्रॉइंगच्या सामानात तो एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात शिरला आणि पुढे सगळीकडे पसरला. वॉशिंग्टन हा खरोखर सर्व्हेयर होता, १७४९ मध्ये सतराव्या वर्षी त्याला व्हर्जिनियातल्या कलपेपर काउंटीचा सर्व्हेयर नेमलं होतं, त्यामुळे त्याच्या नावाने पेट्या फिरणं साहजिक आहे. पण तो वारला १७९९ ला. जर्मन सिल्व्हरची पेटी त्याची म्हणून आली तर पुढे काही तपासायलाच नको.

पेटीचं बाहेरचं अंगही बोलतं. अठराव्या शतकात खिशात मावणाऱ्या उभ्या डब्या असायच्या, शार्क नाहीतर रे माशाच्या खरखरीत कातड्याने मढवलेल्या, काळ्या किंवा हिरव्या, झाकण वरून उघडणारं. एकोणिसाव्या शतकात महोगनी-रोजवुडच्या आडव्या पेट्या आल्या, आत उचलता येणारा ट्रे, खाली रंगाच्या वाट्या, झाकणाला आतून मखमल. विसाव्या शतकात कातडी किंवा रेक्झिनच्या चपट्या घडीच्या. कुठेही नुसतं "जर्मनी" किंवा "इंग्लंड" असं देशाचं नाव छापलेलं दिसलं तर साधारण १८९० च्या नंतरचा माल धरा, आयात मालावर देशाचं नाव टाकायचे कायदे तेव्हा आले.

पाचवी पायरी : कोरलेलं नाव बनवणाऱ्याचं की मालकाचं

नवीन लोक इथे फार घसरतात. सेक्टरवर किंवा कंपासच्या डोक्याजवळ सुबक अक्षरात जे नाव असतं ते बहुतेक वेळा बनवणाऱ्याचं किंवा विकणाऱ्या दुकानाचं: अ‍ॅडम्स, ट्रफ्टन, नेर्न, डॉलंड, पॅरिसमधला बटरफील्ड, नंतरच्या काळात इलियट ब्रदर्स, स्टॅन्ली, स्वित्झर्लंडचा केर्न, जर्मनीचा रिफ्लर. हे मालक नव्हेत. "अ‍ॅडम्स" वाचून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षापर्यंत पोचणारे विक्रेते आहेत, खरा जॉर्ज अ‍ॅडम्स लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा दुकानदार, तिसऱ्या जॉर्ज राजाला उपकरणं पुरवणारा. नावासोबत पत्ता असेल तर सोन्याहून पिवळं, कारण दुकानं जागा बदलायची आणि कुठलं दुकान कधी कुठे होतं याच्या याद्या आहेत, त्यावरून वय दहा-पंधरा वर्षांच्या टप्प्यात येतं.

आणि बनवणाऱ्याच्या शिक्क्यावरसुद्धा डोळे मिटून विश्वास नको. जेम्स वॉट, हो तोच वाफेच्या इंजिनवाला, मुळात गणिती उपकरणं बनवणारा कारागीर. १७५५ मध्ये लंडनला जाऊन जॉन मॉर्गनच्या हाताखाली वर्षभर काम शिकला आणि १७५७ मध्ये ग्लासगो विद्यापीठात स्वतःचं दुकान थाटलं. त्याच्या वर्कशॉपमध्ये पुढे एक शिक्का सापडला, "टी लॉट" असा. लॉट हा पॅरिसचा नावाजलेला, बासऱ्या बनवणारा कारागीर. तो शिक्का वॉटकडे कशाला होता याचा अंदाज तुम्हीच लावा.

भिंगाखाली बघायचं ते हे: आजूबाजूचा पृष्ठभाग हाताळून गुळगुळीत झालाय पण अक्षरांच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत, आतला मळ वेगळ्या रंगाचा आहे, तर अक्षरं नंतरची.

मालकाचं नाव किंवा आद्याक्षरं झाकणावर, पितळी पट्टीवर, कधी कंपासच्या पायाच्या आतल्या बाजूला खरवडलेली असतात. आद्याक्षरांवर काहीही उभं करू नका. आपल्याकडे एम. व्ही. दिसलं की विश्वेश्वरय्यांची पेटी म्हणून सांगणारा भेटेल. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले, १८८४ ला मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत लागले, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचे, हे सगळं खरं. म्हणून पुण्यात सापडलेलं प्रत्येक एम. व्ही. त्यांचं होत नाही. बाणाच्या टोकासारखी खूण असेल तर ती ब्रिटिश सरकारी मालाची, म्हणजे पेटी ऑफिसची होती, कुणा एकाची नव्हे. कलकत्त्याच्या मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिसचं नाव दिसलं तर आनंद माना, इथल्या सर्व्हेच्या इतिहासाचा तुकडा आहे तो, कुणा साहेबाचं नाव नसलं तरी.

सहावी पायरी : आता ते मोठं नाव

इथवर पेटी टिकली असेल तरच. लागते ती अखंड साखळी. त्या माणसाच्या हयातीतली किंवा मृत्यूनंतर लगेच झालेली सामानाची यादी, मृत्युपत्र, वस्तूचं वर्णन असलेलं पत्र, दुकानाचं बिल, फोटो असलेला जुना लिलावाचा कॅटलॉग. आणि मग तिथून आजपर्यंत कुणाकडून कुणाकडे. मधला साठ वर्षांचा खड्डा "घराण्यातच होती" या वाक्याने भरत नाही. मागाहून लावलेली पितळी पाटी हा पुरावा नाही, ती पुराव्याची मागणी आहे. आत ठेवलेली चिठ्ठीसुद्धा कुणी, कधी लिहिली ते कळल्याशिवाय नुसती चिठ्ठीच.

चांगली साखळी कशी दिसते ते बघायचं तर वॉटच. १८१९ मध्ये तो वारला, बर्मिंगहॅमजवळच्या घराच्या माळ्यावरची त्याची खोली जवळजवळ तशीच बंद राहिली आणि १९२४ मध्ये ती खोलीच्या खोली, जमीन-खिडकीसकट, लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलवली, आठ हजारांहून जास्त वस्तू. तिथे एखाद्या कर्कटकावर वॉटचं नाव नसलं तरी चालतं. सायन्स म्युझियमला तिकीट नाही, लंडनमध्ये आपली बरीच मंडळी आहेत, पाहुणे आले की त्यांना तिथे न्या. ब्रिस्टलला गेलात तर इंग्रज इंजिनियर ब्रुनेलची ड्रॉइंगची हत्यारं त्याच्या एसएस ग्रेट ब्रिटन जहाजाशेजारच्या म्युझियममध्ये आहेत. ऑक्सफर्डचं विज्ञान इतिहासाचं म्युझियम आणि केंब्रिजचं व्हिपल, दोन्हीकडे साध्या, बिननावाच्या पेट्या भरपूर, आणि नजर तयार व्हायला त्याच जास्त उपयोगी.

पैसे देण्याआधी : हस्तिदंत आणि कायदा

हे वाचल्याशिवाय परदेशातून काही मागवू नका. जुन्या पेट्यांमधले सेक्टर, स्केल, आयताकृती कोनमापक फार वेळा हस्तिदंताचे असतात. भारतात हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे, वस्तू दोनशे वर्षं जुनी आहे म्हणून सूट मिळेल असं समजू नका, कस्टममध्ये अडकली तर पेटी जाईलच, वर भानगड. ब्रिटनमध्येही २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ पासून लागू झालाय, मोजक्या सवलती सोडल्या तर विक्री बंद. त्यामुळे विक्रेता "बोन" लिहून मोकळा होतो. फरक ओळखता येतो: हाडात बारीक काळपट ठिपके नाहीतर रेघोट्या दिसतात, रक्तवाहिन्यांच्या वाटा त्या, हस्तिदंतात तसं काही नसतं, कापलेल्या टोकावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानींची नक्षी असते. अगदी सरळ, मोजून मारल्यासारख्या समांतर रेघा असतील तर सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भप्पकन पेटतं. शंका असेल तर बॉक्सवुडच्या स्केलवाली पेटी घ्या, कटकट नाही.

उलट दिशेचंही लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, त्यातल्या व्याख्येत विज्ञानाच्या वस्तूही आहेत. पणजोबांची पेटी अमेरिकेतल्या भावाला भेट म्हणून बॅगेत टाकून पाठवायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.

घरी आणल्यावर

ब्रासो लावायचं नाही. चकचकीत करायच्या नादात रेघांच्या कडा आणि अक्षरं झिजतात, मूळ लाखेचा थर जातो आणि वर आपण वय काढायला वापरलेल्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. कोरडं मऊ कापड, बास. पितळेवर हिरवं धरलं असेल तर लाकडी टूथपिकने हळूच खरवडा. स्टीलच्या टोकांना मशीन ऑइलचं नुसतं बोट. जोड घट्ट असेल तर जोर लावू नका, डोक्यात दोन भोकं दिसतील, त्याला दोन दातांची किल्ली असते, ती पेटीत असेल तर नशीब, नसेल तर पक्कड लावू नका.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर बंद पेटीतली मखमल ओल धरते, बुरशी येते, आणि कातडं-मखमलीच्या ओलीने पितळ हिरवं पडतं. त्या चार महिन्यांत हत्यारं बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, पेटी वेगळी आणि थोडी उघडी. कुठली वस्तू कुठल्या खाचेतली याचा फोटो आधी काढलाय म्हणा तुम्ही.

म्युझियमला विचारायचं असेल तर

बरीच म्युझियमं ओळखायला मदत करतात, किंमत मात्र सहसा सांगत नाहीत, त्यामुळे "केवढ्याला जाईल" असं मेलमध्ये लिहूच नका. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून: बंद पेटी, उघडी पेटी, प्रत्येक वस्तूच्या दोन्ही बाजू, नावाचा जवळून एक, जोडाचा एक. पेटी कुठून मिळाली आणि विक्रेत्याने काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहा, पण विषयाच्या ओळीत त्या मोठ्या माणसाचं नाव टाकू नका, नुसतं "अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली ड्रॉइंगची पेटी, बनवणारा ओळखायचाय" एवढं पुरे. गॅलिलिओ, नेपोलियनच्या नावाच्या मेल त्यांना येतच असतात, तुमची त्या गठ्ठ्यात जायला नको. उत्तराला महिना-दीड महिना लागला तरी परत परत आठवण करू नका.